घडीचा कागद, घरचा मास्तर

सांगली जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय पलूसला आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या काळात या निवासी शाळा सुरू झाल्या. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुलं घेतात आणि त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. राहण्याजेवणाची सोय, शिस्त, चांगले शिक्षक, आणि खर्चाचा मोठा भार सरकारवर. त्यामुळे मूल पाचवीत गेलं की पलूस, तासगाव, कडेगाव, वाळव्याकडच्या कितीतरी घरांत 'नवोदय'चा विषय निघतो आणि परीक्षा होईपर्यंत संपत नाही.

परीक्षा दोन तासांची, प्रश्न ८०, गुण १००. अंकगणिताचे २० प्रश्न, भाषेचे २० आणि उरलेले ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे. हे चाळीस प्रश्न निव्वळ आकृत्यांचे असतात. गटात न बसणारी आकृती ओळखा, आरशात कशी दिसेल सांगा, मालिका पूर्ण करा, मोठ्या आकृतीत लपलेली लहान आकृती शोधा. अंकगणितात आईबापांच्या शिक्षणाचा उपयोग होतो, कधी अडचणही होते. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता! शाळेची पद्धत आणि आपली पद्धत वेगळी निघाली की घरातला मास्तर बिथरतो. आकृत्यांच्या बाबतीत मात्र सगळेच एका पातळीवर येतात. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातला इंजिनिअर आणि सातवीत शाळा सुटलेला द्राक्षबागाईतदार, दोघांनाही कोणी हे शाळेत शिकवलेलं नसतं. म्हणून मूल अडलं असताना आईबाप त्याला मदत कशी करतात आणि ती तशीच का करतात, हे बघायला या प्रश्नांइतकी चांगली जागा नाही.

त्यातला एक प्रश्न जवळून बघू. चौकोनी कागद खालून वर दुमडला. मग उजवीकडून डावीकडे दुमडला. झाला चतकोर. त्याच्या एका कोपऱ्याजवळ भोक पाडलं. आता कागद उलगडला तर भोकं किती आणि कुठं? चार, हे बहुतेक मुलं लवकर सांगतात. घोटाळा 'कुठं' या शब्दाशी होतो. ज्या कोपऱ्यात दोन्ही घड्या मिळतात तिथं भोक पाडलं असेल तर चारही भोकं कागदाच्या मध्यावर गोळा होतात. त्याच्या समोरच्या, सुट्या कडांच्या कोपऱ्यात पाडलं असेल तर ती कागदाच्या चार टोकांना जातात. दहा वर्षांचं पोर पहिल्यांदा हमखास चार भोकं काढतं, पण चारही एकाच दिशेला सरकलेली. घडी ओलांडली की बाजू उलटते, हे त्याच्या ध्यानात आलेलं नसतं.

इथं शेजारी बसलेल्या आईपुढे किंवा बापापुढे बरेच मार्ग असतात. नुसतं 'परत बघ की जरा' म्हणता येतं. 'शेवटची घडी आधी उलगड' असं नेमकं सांगता येतं. काही न बोलता घडीच्या रेघेवर बोट ठेवता येतं. खरा कागद आणून, घड्या घालून, पंच त्याच्या हातात देता येतो. किंवा सरळ आपणच भोक पाडून, कागद उलगडून समोर ठेवता येतो. मदतीच्या या पाच पायऱ्या. डेव्हिड वूड आणि डेव्हिड मिडल्टन या इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९७५मध्ये, चार वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या आयांचं निरीक्षण करताना, अशाच चढत्या पायऱ्या धरल्या होत्या.

त्यांच्याकडे कागद नव्हता, लाकडी ठोकळे होते. एकमेकांत अडकवून पिरॅमिड बनवायचा, आणि तो कोणतंही लहान मूल एकट्याने बनवू शकणार नाही इतका अवघड. वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांचा १९७६चा गाजलेला लेख याच २१ ठोकळ्यांच्या पिरॅमिडवरचा. त्यात तीन, चार आणि पाच वर्षांची मिळून ३० मुलं होती आणि शिकवणारी व्यक्ती एकच होती. एकच बाई, एकच खेळ, तरी तिचं काम प्रत्येक वयाला बदललं. तीन वर्षांच्या मुलांना आधी खेळाकडे ओढून आणावं लागलं. ती तिचं फारसं ऐकतच नव्हती. चार वर्षांच्यांना तोंडी सूचना आणि चुकांची दुरुस्ती पुरली. पाच वर्षांची मुलं फक्त 'बरोबर ना?' एवढं विचारायला तिच्याकडे वळत. शिकवणं शिकवणाऱ्याच्या हातात असतं असं आपण म्हणतो. पण तिथं शिकवणीचं रूप समोरच्या मुलांनीच ठरवलं होतं.

आयांच्या अभ्यासातून निघालेला नियम सांगायला फार सोपा आहे. मूल चुकलं की एक पायरी वर चढायचं, म्हणजे थोडी जास्त मदत. जमलं की एक पायरी उतरायचं. ज्या आया असा चढउतार करत होत्या त्यांची मुलं नंतर एकटी बसवल्यावर सगळ्यांत पुढे गेली. नुसतं तोंडी सांगणाऱ्या किंवा नुसतं करून दाखवणाऱ्या आयांची मुलं मागे पडली. पुढे १९७८मध्ये एका शिकवणाऱ्याला वेगवेगळ्या पद्धती मुद्दाम पढवून हे पुन्हा तपासलं, तेव्हाही चढउताराची पद्धतच सरस ठरली. आणि मला त्यातली सगळ्यांत खरी वाटणारी गोष्ट अशी, की हा नियम प्रत्येक वेळी पाळणं त्या तयारीच्या शिकवणाऱ्यालाही जमलं नाही.

मग जानेवारीच्या संध्याकाळी पलूसच्या बागाईतदाराला ते का जमावं? ऑक्टोबरात फळछाटणी झालेली बाग तेव्हा घड धरून असते. ढग आले की डावणी रोगाची धास्ती, पहाटे फवारणी, दिवसा मजुरांच्या मागे. नवोदयची परीक्षा अलीकडे बहुधा याच सुमाराला येते. असा माणूस रात्री नऊला पोराशेजारी बसतो तेव्हा तो चौथ्या-पाचव्या पायरीवरूनच सुरुवात करतो. 'आण इकडं, हे असं आसतंय बघ.' पोर 'हां' म्हणतं. पान उलटतं. दोघांनाही वाटतं, अभ्यास झाला.

यात प्रेमाची कमतरता काही नाही. पण त्याची किंमत मोजली गेली आहे. ज्युलिया लिओनार्ड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडं सोडवताना मोठ्या माणसाने मधेच हातातून घेऊन ते पुरं करून दिलं, तर पुढचं अवघड काम आल्यावर मुलं लवकर हात टेकत. प्रश्न विचारून किंवा इशारा देऊन मदत केली तर तसं होत नव्हतं.

मदत कोणत्या पायरीवरून सुरू होते हे आईबापांच्या स्वभावावर ठरतं, असं आपण सहज म्हणू. तापट बाप, सोशिक आई. हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठाच्या वेंडी ग्रोलनिक यांनी २००२मध्ये तिसरीतल्या मुलांच्या आयांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मायलेकरांनी मिळून नकाशा वापरायचा आणि एक कविता रचायची. काही आयांना सांगितलं, की मुलाला हे नीट यायला हवं, नंतर चाचणी आहे. बाकीच्यांवर असा काही भार टाकला नाही. चाचणीचं ऐकलेल्या आयांचं नियंत्रण वाढलं. आणि 'मुलांना आपण वळण लावायला हवं' अशी मुळातच ठाम धारणा असलेल्या आयांच्या बाबतीत दाब आणि स्वभाव एकत्र आले तेव्हा ते सर्वांत जास्त दिसलं. म्हणजे स्वभाव सुप्त असतो आणि परीक्षा त्याला जागं करते. त्या आयांना चाचणीचं फक्त एक वाक्य ऐकवलं होतं. आपल्याकडे तर वर्षभर शेजारी, पाव्हणे आणि क्लासवाले ते ऐकवत असतात.

भीतीचं आणखी वेगळं. शिकागोच्या संशोधकांनी पहिली-दुसरीतल्या मुलांचं वर्षभर निरीक्षण करून २०१५मध्ये सांगितलं, की गणिताची धास्ती असलेले आईबाप गृहपाठात वारंवार मदत करत असतील तर त्यांची मुलं वर्षाअखेर गणित कमी शिकलेली असतात आणि त्यांनाही धास्ती लागते. तसेच घाबरणारे पण क्वचित मदत करणारे आईबाप असले तर हा परिणाम दिसला नाही. वाचनावर तर काहीच फरक नव्हता. 'जास्त वेळ द्या' हा सल्ला सरसकट देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. लहानपणी पाढे चुकल्यावर हातावर छडी खाल्लेला बाप पोराशेजारी रोज तासभर बसला, तर पोराला पाढे देतो की छडीची आठवण, हे सांगणं कठीण.

आता मुलाकडे वळू. समजा दोन बहिणी आहेत. थोरली अडली की क्षणात 'मम्मी, सांग ना' म्हणते. धाकटी अडली की गप्प बसते, पेन्सिल फिरवत राहते, विचारलं तर 'येतंय' म्हणते. आई तीच, स्वयंपाकघरही तेच. थोरलीला ती लगेच चौथ्या पायरीची मदत देते, कारण ओरड थांबवायची असते. धाकटीला काहीच देत नाही, कारण तिथं काही अडलंय हेच दिसत नाही. बाहेरून बघणारा म्हणेल, ही आई थोरलीचे लाड करते. खरं तर थोरली तिच्याकडून मदत काढून घेते आणि धाकटी ती येऊ देत नाही.

मुलांच्या अंगचे गुण आईबापांच्या वागण्यातून येतात हे इतकं गृहीत होतं, की १९६८मध्ये रिचर्ड बेल यांनी उलटा विचार मांडला तेव्हा तो धाडसी वाटला. मूलच आईबापांना घडवत असेल तर? याची देखणी तपासणी १९८६मध्ये कॅनडात झाली. वागणुकीची गंभीर अडचण असलेली मुलं आणि तशी नसलेली मुलं, दोन्हींच्या आया बोलावल्या आणि प्रत्येक आईला आपल्या मुलाबरोबर तसंच दुसऱ्यांच्या मुलांबरोबरही बसवलं. अडचणीच्या मुलांबरोबर बसलेल्या आया, मग त्या कोणाच्याही असोत, जास्त हुकूम सोडत होत्या आणि जास्त चिडत होत्या. शांत मुलाची आई अवखळ पोरापुढे बसली की तीही तशीच होई. 'आईनेच बिघडवलंय' असं भावकीत म्हणायची सवय आहे, तिला या प्रयोगाने चांगला धक्का बसायला हवा. बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग काय खरं? न्यूयॉर्कचे अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे मानसोपचारतज्ज्ञ जोडपं. त्यांनी १९५६पासून १३३ मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत माग ठेवला. काही मुलं जन्मतःच सोपी, काही अवघड, काही नव्याशी हळूहळू जुळवून घेणारी. पण पुढे कोणाचं कसं होईल हे नुसत्या स्वभावावरून सांगता येईना. मुलाचा स्वभाव आणि घराची अपेक्षा एकमेकांना कशी बसते, यावर जास्त अवलंबून होतं. रेंगाळणारं मूल सबुरीच्या घरात निभावतं, घाईच्या घरात तेच 'मठ्ठ' ठरतं.

असं न जुळण्याचं एक उदाहरण पलूस तालुक्याच्या मातीशी जोडलेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९चा, बेळगाव भागातला. वडील काशिनाथपंत वेदान्तात रमलेले. मुलाचं मन चित्रांत आणि यंत्रांत. शाळेच्या पुस्तकांशी त्याचं जमेना. तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, पण काही रंग आपल्याला ओळखता येत नाहीत हे तिथं कळलं आणि चित्रकला सोडावी लागली. उरलं यांत्रिक रेखाटन. तेच पुढे त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. मग बेळगावात सायकलींचं दुकान, नांगर, आणि १९१०मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. ही गोष्ट 'वडील चुकले' म्हणून सांगण्याची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. काशिनाथपंतांना जे येत होतं ते मुलाला नको होतं आणि मुलाला जे हवं होतं ते वडिलांच्या जगातच नव्हतं. बापाला काही येत नाही अशा जागी मूल अडलं तर बापाने काय मदत करायची, हा प्रश्न १८८५लाही होता आणि नवोदयच्या आकृत्यांपुढे आजही आहे.

इथं एक शंका घ्यायला हवी. वरचे बहुतेक प्रयोग अमेरिकेतले, कॅनडातले, इंग्लंडमधले. एक आई, एक मूल, मधे टेबल. आपल्याकडची घरं अशी रिकामी नसतात. बार्बरा रोगॉफ आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये चार ठिकाणच्या घरांची तुलना केली. त्यात अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी होतं, तुर्कस्तानातलं आणि ग्वातेमालातलं एकेक ठिकाण होतं, आणि भारतातलं ढोल की पट्टी नावाचं आदिवासी गावही होतं. सॉल्ट लेकच्या आया तान्ह्यांसाठी छोटे छोटे धडे रचत. ढोल की पट्टीतली आणि ग्वातेमालातली मुलं मोठ्यांच्या कामाजवळ असत, एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवत आणि बघून उचलत. मोठं माणूस तयार असे, पण शिकवायला बसत नसे.

हेच पलूसच्या द्राक्षबागेत दिसतं. घडाची विरळणी करताना कोणते मणी काढायचे, हे बाप पोराला बसवून शिकवत नाही. पोर शेजारच्या वेलीवर कात्री चालवतं. बाप आपल्या कामातून एकदा मान वळवतो, 'लई काढू नगं' म्हणतो आणि पुन्हा आपल्या घडाकडे. मूल चुकलं तर जवळ येतो, जमलं तर दोन वेली पुढे जातो. वूड आणि मिडल्टन यांना आयांमध्ये जो चढउतार दिसला तो या माणसाला बागेत विनासायास जमतो. तोच माणूस रात्री पुस्तकापुढे बसला की पाचव्या पायरीवर जाऊन अडतो, कारण बागेत त्याला काम येतं, भीती नसते आणि निकाल लागायची तारीख नसते. स्वभाव म्हणून आपण जे धरतो त्यातलं बरंचसं असं जागेवर अवलंबून असतं.

घरात एकटा बापच मास्तर नसतो, हेही आहे. २०२०च्या सप्टेंबरात, शाळा बंद असताना, 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणात फोनवरून देशभरातल्या ग्रामीण घरांची पाहणी केली गेली. जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना अभ्यासात घरातल्या कोणाची ना कोणाची मदत मिळत होती. ज्यांचे आईबाप फार शिकलेले नव्हते अशा घरांतही निम्म्याहून जास्त मुलांना ती होती आणि तिथं थोरल्या भावंडांचा वाटा मोठा होता. २०२२मध्ये महाराष्ट्रात शाळापूर्व तयारीचं 'पहिले पाऊल' अभियान झालं, तेव्हा जिल्हा परिषद शाळांच्या गावोगावी आयांचे गट केले गेले. घरातल्या वस्तू वापरून मुलाकडून काय काय करून घेता येईल याच्या कल्पना त्यांना दिल्या गेल्या. 'मला कुठं येतंय' म्हणून मागे सरणाऱ्या आईला पुढे आणण्याचा तो सरळ साधा मार्ग होता.

या आईला काही यायला हवंच का, याचं उत्तर नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या २००८च्या एका प्रयोगात मिळतं. बेथनी रिटल-जॉन्सन आणि तिच्या सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना आकृतिबंधांचे प्रश्न दिले. प्रत्येक वेळी मुलांना बरोबर उत्तर दाखवलं. काहींनी ते फक्त पुन्हा म्हणायचं, काहींनी ते बरोबर का आहे हे स्वतःला समजावायचं, काहींनी आईला समजावायचं. आयांना ताकीद होती, की फक्त ऐकायचं. सांगायचं नाही, सुधारायचं नाही. नंतर वेगळ्या, न पाहिलेल्या प्रश्नांवर चाचणी घेतली तेव्हा आईला समजावणारी मुलं सगळ्यांत पुढे होती.

त्या आया शिकलेल्या होत्या की नव्हत्या, याने इथं फरक पडायचं कारण नव्हतं; त्यांचं शिक्षण वापरलंच गेलं नव्हतं. घडीच्या कागदाचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. ते धाकटीला आधीच दाखवायचं आणि पोळ्या लाटता लाटता विचारायचं, 'हे असं का गं झालं?' मग 'येतंय' एवढ्यावर तिला सुटता येत नाही, कुठल्या घडीपाशी बाजू उलटली ते बोलून दाखवावं लागतं. थोरलीला मात्र हे असं पुरणार नाही. ती समजावता समजावता मधेच 'तूच सांग की' म्हणेल, आणि तेव्हा पोळी तव्यावर टाकून आईने गप्प राहायला हवं.